गुलाबाची काडी लावून झाड जगवलंय का? अनुभव सांगा

आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चाललीय, दिवाळीनंतर घर रिकामं करायचंय. अंगणात सासूबाईंनी लावलेला गावठी गुलाब आहे, फिकट गुलाबी. सकाळी दार उघडलं की वास आत येतो. मे महिन्यात बारा काड्या लावल्या, सगळ्या काळ्या पडल्या. तुमचं काय जमलं, काय फसलं, सविस्तर लिहा.

पुणे
मे नकोच, ऊन काडी सुकवतं. मी ऑक्टोबरच्या छाटणीतल्या काड्या लावते. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, फूल नुकतंच येऊन गेलेली फांदी घ्यायची. डोळ्याच्या (जिथून पालवी फुटते तो उंचवटा) लगेच खाली तिरका काप द्यायचा, वरची दोनच पानं ठेवायची. निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), खत मुळीच नाही. वरून तळ कापलेली पाण्याची बाटली आणि कुंडी सावलीत. दहांतल्या चार-पाच लागतात, तेवढ्यावर मी खूश असते.

रत्नागिरी
पावसाळ्यात लावा म्हणतात, पण आमच्या जुलैत काडी कुजतेच. गणपती गेले की लावतो.

नागपूर
पंधराव्या दिवशी पालवी फुटली म्हणून मी कुंडी बदलली. खाली एकही मूळ नव्हतं! पालवी काडीतल्या साठ्यावरच फुटते, हे तेव्हा कळलं. आता पारदर्शक ग्लासात लावते आणि मुळं दिसेपर्यंत हात लावत नाही. दीड-दोन महिने जातात. पहिली कळी खुडते. जिवावर येतं, पण झाड भरतं.

ठाणे
बटाट्यात काडी खोचून पाहिली. बटाटा सडला, काडीही गेली. त्यापेक्षा मुळं फुटायला काडीच्या टोकाला लावतात ती रूटिंग पावडर बरी.

नाशिक
नर्सरीतल्या ग्लॅडिएटर जातीच्या गुलाबाची काडी लागली, पण झाड किरकोळच राहिलं. असे गुलाब जंगली गुलाबाच्या खुंटावर (मुळांसकट खोडावर) त्यांचा डोळा बसवून करतात, ती जोमदार मुळं काडीला कुठून मिळणार? गावठी गुलाब मात्र स्वतःच्या मुळांवर छान वाढतो.
ताई, तुम्ही काड्यांच्या जोडीला दाब कलमही करा. लांब फांदी वाकवून शेजारच्या कुंडीत आणायची, खालून साल थोडी खरवडायची, मातीत दाबून वर वीट ठेवायची. मुळं धरेपर्यंत आईचं झाड तिला पोसतं. दोन-तीन महिन्यांनी कापून वेगळी करा.

डोंबिवली (धागाकर्ती)
कालच दोन फांद्या दाबल्या. वीट सासूबाईंच्या तुळशीवृंदावनाची. बाटलीखाली आठ काड्या आहेत, तीन अजून हिरव्या.