घरच्या दुधासाठी शेळ्या की गाय? तुमचे अनुभव लिहा

दूध घरापुरतंच हवंय, विकायचं नाहीये. ज्यांनी यातलं काहीही पाळलंय त्यांनी लिहा. किती दूध मिळतं यापेक्षा चारा कुठून आणता, धार कोण काढतं आणि जनावर आटलं की काय करता हे सांगितलंत तर जास्त उपयोग होईल.

*

आमच्याकडे गाय. घरात माणसं भरपूर, दही लोणी तूप सगळं घरचंच, शेळ्यांच्या दुधात आमचं भागलंच नसतं. पण एक गाय म्हणजे वर्षभर दूध असं धरून चालू नका, विण्याआधी साधारण 2 महिने तिला आटवावीच लागते, नाहीतर पुढच्या वेताला दूध घटतं. तेवढे दिवस दूध बाहेरून आणायचं. आणि दुभती गाय दिवसाला 50-60 लिटर पाणी सहज पिते, पाणी लांबून आणावं लागत असेल तर आधी तो विचार करा.

*

आम्ही दोघंच म्हणून शेळ्या. शेळी 5 महिन्यांत विते, गायीला 9 महिने लागतात, त्यामुळे शेळ्या पुढेमागे गाभण राहतील असं बघितलं की घरात दूध सहसा खंडत नाही, एखादी आजारी पडली तरी दुसरी असतेच. एकटी शेळी मात्र कृपा करून आणू नका, कळपातलं जनावर आहे ते, दिवसभर ओरडत राहतं आणि नीट खात पण नाही.

*

वरच्या ताईंचं बरोबर आहे, फक्त थंड प्रदेशात शेळ्या सहसा दिवस लहान व्हायला लागले की मगच माजावर येतात, तिथे पुढेमागेचं गणित अवघड जातं.

*

शेळीच्या दुधाला वास येतो म्हणून लोक घाबरतात. बोकड दुभत्या शेळ्यांपासून लांब बांधा, कास पुसून घ्या आणि दूध काढल्या काढल्या गाळून थंड करा, मग काही जाणवत नाही. साय मात्र गायीसारखी वर येत नाही, फॅटचे कण बारीक असतात, लोणी हवं असेल तर सेपरेटर (साय वेगळी काढायचं यंत्र) लागतो.

*

आम्ही शेळ्या देऊन गाय आणली. शेळीला पाला आवडतो, कुंपण जरा सैल असलं की गेली बाहेर, आमच्या लहान झाडांच्या साली सोलून काढल्या होत्या, फार वाईट वाटलं. तुमच्याकडे झुडपं जास्त असतील तर शेळी, गवत असेल तर गाय. ओल मात्र शेळीला अजिबात सोसत नाही, खूर सडतात, कोरडी उंच जागा पाहिजेच.

*

एक कळकळीची विनंती, तान्ह्या बाळाला गायीचं दूध सोसत नाही म्हणून शेळीचं सुरू करू नका. प्रथिनं बरीचशी सारखी असतात, ॲलर्जी तशीच येऊ शकते, शिवाय त्यात फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) खूप कमी असतं. डॉक्टरांना विचारा.

*

काहीही घ्या, घेण्याआधी तिथे थांबून स्वतः धार काढून बघा. कासेत गाठ आहे का, सगळ्या सडांतून दूध येतं का, दुधात गुठळ्या आहेत का ते बघा. ब्रुसेलाची (जनावरांचा एक संसर्गजन्य आजार) टेस्ट करून घ्या आणि दूध उकळूनच प्या, हा आजार माणसांना पण होतो.