मदत हवी आहे: ठाण्याहून एका दिवसात मुंबई, वाढदिवसासाठी

नमस्कार मंडळी. येत्या मंगळवारी ह्यांचा साठावा वाढदिवस. आम्ही दोघंच सकाळच्या लोकलने सीएसएमटीला उतरणार. ह्यांना जुन्या इमारतींचं भारी वेड, त्यामुळे आधी स्टेशनच बाहेरून निवांत बघू. मग गेटवेहून लाँचने घारापुरी. सोमवारी लेणी बंद असतात, मंगळवार बरा सापडला. त्रिमूर्ती ह्यांना दाखवायचीच, हा माझा हट्ट! पण वर शंभराहून जास्त पायऱ्या आणि ह्यांचे गुडघे दुखतात. डोली सहज मिळते का? साधारण किती घेतात? परतल्यावर म्युझियम जमेल, की सरळ मरीन ड्राइव्हला सूर्यास्त बघावा? रात्री गिरगावात शांत बसून मराठी जेवण कुठे मिळेल, तेही सांगा. कोणी अलीकडे जाऊन आलं असेल तर जरूर लिहा.