गॉथ कपडे आता कुठल्याही दुकानात मिळतात, मग आपण वेगळे कशात?

निशाचर:
मी गॉथ कपडे घालते. काळा पायघोळ झगा, जाळीच्या बाह्या, जाड तळव्याचे बूट. पूर्वी हे सगळं शोधत फिरावं लागायचं. आता तयार कपड्यांच्या दुकानात त्याचा वेगळा रॅकच असतो. साखळीसुद्धा असते, फक्त ती शिवून टाकलेली, उघडत नाही. सगळे घालतात ते नको म्हणून इकडे आले, तर इथेही तेच. मग आपला विरोध नक्की कशाला?

बिनइस्त्री:
कशालाच नाही. पंक या बंडखोर फॅशनचं काय झालं? लंडनच्या पोरांनी फाटक्या कपड्यांना सेफ्टी पिना लावल्या आणि १९७७ सालीच डिझायनर झँड्रा ऱ्होड्सने फाटके, पिना लावलेले गाऊन महागड्या कलेक्शनमध्ये आणले. फॅशनच आहे ही, मान्य करा आणि मजेत घाला.

उसवलेला_टाका:
वरवरचं रूप बाजार उचलणारच, त्याला किती वेळ लागतो? शिवण बघा. मी पॅटर्न कटिंगचं काम करते, त्यामुळे कपडा हातात आला की आधी उलटा करायची खोड आहे. स्वस्त रेडीमेड ड्रेसला माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड, जेमतेम एक सेंटिमीटर, तीही ओव्हरलॉक मशीनने कातरलेली. कापडाचे थरावर थर रचून एकदम कापतात, तेव्हा मायेत वाचलेलं कापड म्हणजे सरळ नफा. तुम्ही अंगाने जरा भरलात की ड्रेस बाद. माप कपड्याचं, जमवून घ्यायचं शरीराने.

आता जपानी लोलिता ड्रेस, तो लेस-झालरींचा, बाहुलीसारख्या घेराचा, उलटा करा. बऱ्याच ड्रेसना पाठीत बारीक इलॅस्टिकच्या चुण्यांचा रुंद पट्टा असतो आणि कमरेला मागे बांधायच्या नाड्या. एकच ड्रेस दोन-तीन मापांच्या बायकांना बसतो. बघणाऱ्याला बाहुली दिसते. मला दिसतो घेर, ज्यात कापडाची काटकसर केलेली नाही.

आणि जास्तीचं कापड लोकांना खुपतं बरं का. झूट सूट आठवा: गुडघ्यापर्यंत कोट, रुंद खांदे, वर ढगळ आणि घोट्याशी आवळलेली विजार. १९४२ साली अमेरिकेत युद्धामुळे लोकरीच्या वापरावर मर्यादा आली, तेव्हा एवढं कापड अंगावर मिरवणं म्हणजे देशद्रोहच ठरला. जून १९४३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये नौसैनिकांनी हे सूट घालणाऱ्या मेक्सिकन-अमेरिकन पोरांना झोडपलं आणि सूट अंगावरून ओरबाडून काढले. मुळात वंशद्वेषच होता तो, पण निमित्त कापडाचं झालं.

बिनइस्त्री:
ताई, लोलिता ड्रेसही ब्रँडचाच ना? अँजेलिक प्रिटी काय, बेबी द स्टार्स शाइन ब्राइट काय, रेडीमेडच. वर महाग.

उसवलेला_टाका:
रेडीमेडच. मी कुठे त्याला बंड म्हणते? पण तिथे जुन्या प्रिंटचा ड्रेस शिळा होत नाही. हवाहवासा प्रिंट असेल तर सेकंडहँडमध्ये मूळ किमतीपेक्षा जास्त मोजतात लोक. म्हणून मालकीण तो जपते, लेस निघाली तर हाताने टाके घालते. दर हंगामाला 'आता हे जुनं झालं' सांगणाऱ्या धंद्याला असलं गिऱ्हाईक काय कामाचं?

निशाचर, रॅकवरचा झगा आवडला तर घे की! फक्त मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात तिथली, शिवण उलटून बघ. साखळीचे टाके उसव आणि खरी कडी लाव.

निशाचर:
घेतलाय आधीच 🙈 आत्ता उलटा केला. माया नाहीच, आणि हात वर केला की काखेत ताणतो. तिथे जाळीचा तुकडा चालेल का?

उसवलेला_टाका:
चालेल, चौकोनी काप. जाळी मात्र दुहेरी घे, एकेरी टाक्यापाशीच फाटते. आणि माया दोन सेंटिमीटर सोड, कंजुषी नको.