मदत हवी आहे: आईबाबांना घेऊन तास्कोला (मेक्सिको) कधी जावं?

मंडळी, मेक्सिको सिटीकडे राहणारं कोणी आहे का ग्रुपवर? आईबाबांना तास्को दाखवायचंय, गेर्रेरो राज्यातलं चांदीकामाचं जुनं गाव, डोंगरउतारावर पांढरी घरं आणि मधोमध खाणमालक होसे दे ला बोर्दाने १७५१ ते १७५८ मध्ये बांधून दिलेलं सांता प्रिस्का चर्च. मला मनापासून ईस्टरच्या आधीचा आठवडा बघायचाय. गुरुवारी रात्री काळा बुरखा घातलेले लोक उघड्या खांद्यांवर काटेरी फांद्यांचे जड भारे बांधून, हातात पेटत्या मेणबत्त्या धरून चालतात, सगळं प्रायश्चित्त म्हणून, त्यामुळे तिथे फोटो काढलेले चालतात का तेही सांगा.

पण चढ खूप आणि बाबांचे गुडघे दुखतात, तिथल्या त्या छोट्या फोक्सवॅगन बीटल गाड्यांच्या टॅक्स्या मिरवणुकीच्या दिवशी चर्चपर्यंत येतात का? की सरळ नोव्हेंबरात जावं, मृतांच्या दिवसानंतरच्या (गेलेल्या माणसांची आठवण करायचा तिथला सण, २ नोव्हेंबर) सोमवारी हुमिल किड्यांचा सण असतो तेव्हा? लोक डोंगरावर जाऊन किडे वेचतात, जिवंत पण खातात, साल्सात वाटतात. आई पक्की शाकाहारी आहे हो, तिच्यासाठी तिथे काय मागवायचं? आणि राहायला चर्चच्या चौकाजवळ बरं की खाली बस स्टँडकडे? प्लीज कोणी जाऊन आलं असेल तर सांगा, तिकिटं काढायचीयेत.