चर्चा: मुलाचं विशेष शिक्षण चालू असताना आईबापांनी घरी पुन्हा शाळा भरवावी का?

रिकामा_कप्पा (धागा सुरू करणारी)

माझं उत्तर: नाही. मुलगा पाचवीत, मराठी माध्यम, डिस्लेक्सिया (वाचायची अडचण) आणि डिसग्राफिया (लिहायची अडचण) दोन्ही. आठवड्यातून दोनदा रेमेडियलच्या, म्हणजे अशा मुलांना वेगळ्या पद्धतीने शिकवणाऱ्या, बाईंकडे जातो. तरी भेटेल तो सांगतो, "घरी रोज तासभर बसवा." शाळेत दिवसभर जे जमत नाही तेच संध्याकाळी पुन्हा, आणि समोर आई! बहुतेक घरांत दहाव्या मिनिटाला आवाज चढतो आणि पोराला वहीचाच तिटकारा येतो.

आईबापांनी करण्यासारखं दुसरं खूप आहे. एक म्हणजे फाइल. परीक्षेतल्या सवलतींसाठी बोर्डाला सरकारी रुग्णालयाचं अध्ययन-अक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं, खासगी रिपोर्ट चालत नाही. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत चाळणी (पहिली ढोबळ तपासणी) तिसरीत किंवा आठव्या वर्षी, आणि प्रमाणपत्राची तपासणी १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा, असं सांगितलं होतं. तारखा लांबच्या मिळतात, म्हणून नववीत जाग येऊन उपयोग नाही.

दुसरं म्हणजे वर्गशिक्षक. जूनमध्ये नवीन बाई आल्या की पहिल्या आठवड्यातच त्यांना एक पान लिहून द्यायचं: फळ्यावरून उतरवायला वेळ लागतो, पुढच्या बाकावर बसवा, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला उभं करू नका, तोंडी विचारलंत तर उत्तर येतं, शुद्धलेखनाचे मार्क इतिहासात कापू नका. एवढंच. दोन पानं दिली की कोणी वाचत नाही.

आणि धडे वाचून दाखवा. त्याला शिवकाल कळायला हवा, वाचनाची कसरत बाईंकडे चालूच आहे.

माळरान

आठवड्यातून दोनदा! ताई, आमच्याकडे समग्र शिक्षा या सरकारी योजनेतले विशेष शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्रात बसतात आणि एकेकाकडे कितीतरी शाळा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्रमाण सांगितलं, पहिली ते पाचवी विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे १५ मागे एक. आमच्या गावापर्यंत ते अजून पोचलेलं नाही. सर भले आहेत, पोरीशी गोड बोलतात, पण येतात महिन्यातून एकदा, दोन कागद देऊन जातात. मधल्या दिवसांत तिला कोण शिकवणार?

माझी मुलगी बौद्धिक अक्षम आहे, तिसरीत. तिला दहाची आणि वीसची नोट वेगळी ओळखायला मी शिकवलं. चुलीपाशी बसून, मग दुकानात पाठवून. दुकानदाराला आधी सांगून ठेवलं होतं की मुद्दाम कमी सुट्टे दे, बघू ओळखते का. पहिल्यांदा नाही ओळखले. आता भांडून घेते. हे मी "शिक्षकांचं काम" म्हणून सोडलं असतं तर?

सरळ_रस्ता

आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मोबाइल काढून घ्या, आपोआप वाचतील.

रिकामा_कप्पा

@सरळ_रस्ता, होतं. चौथी-पाचवीत शाळा सोडून गॅरेजला लागलेली तुमच्या वर्गातली पोरं आठवून बघा.

@माळरान, तुम्ही केलंत ती शाळा नव्हेच. माझा आक्षेप वही-पेन्सिलीच्या तासाला आहे.

खडू_डस्टर

विशेष शिक्षिका आहे, म्हणून जरा लांबण लावते.

सराव घरी हवाच, पण दहा-पंधरा मिनिटं आणि आम्ही सांगू तेवढाच. नेहमी दिसतं ते असं: मी मुलाबरोबर 'घ' आणि 'ध' वाळूत बोटाने गिरवत असते, एकेक, सावकाश. 'भ' आणि 'म' ला तर अजून हातच घातलेला नसतो. घरी बाबा परिच्छेद काढून म्हणतात, चुकलेले शब्द दहा वेळा लिही. पोरगा चुकीचाच शब्द दहा वेळा लिहितो आणि आता तो पक्का झालेला असतो. पुढच्या वेळी माझा अर्धा तास तो पुसण्यात जातो.

गणितातही तेच. "पंचवीस" ऐकून ५२ लिहिणारी मुलं आळशी नसतात. कानावर आधी पाच पडतात, मग वीस. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात "वीस पाच" असं वाचन दिलं तेव्हा मराठीचा गळा घोटला म्हणून केवढा गदारोळ झाला! माझ्याकडच्या मुलांना मात्र त्याने हायसं वाटलं. घरी आजोबा "पंचवीस म्हण" म्हणून दटावतात. मी म्हणते, म्हणू दे दोन्ही.

तेव्हा पालकांनी दर आठवड्याला आम्हाला एकच विचारावं: या आठवड्यात घरी काय करू आणि काय करू नको? दुसरा अर्धा भाग कोणी विचारत नाही.

आणि खासगीत जात असाल तर शिकवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडची (विशेष शिक्षकांची नोंद तिथे असते) नोंदणी बघा. फ्लेक्सवर "ब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन" लिहिलेलं असलं म्हणजे कोणी विशेष शिक्षक होत नाही.

उभा_छेद

धागा छान, पण मूळ पोस्टमधला प्रमाणपत्राचा सूर खटकला. प्रमाणपत्र हातात आलं की घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि मुलाकडून अपेक्षाच संपते. दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं अंकगणित घेता येतं, शाळाही ते हौसेने सुचवते कारण तिला निकालाची टक्केवारी सांभाळायची असते. पुढे गणित लागणारे सगळे रस्ते बंद, हे अकरावीच्या प्रवेशाला कळतं. भाच्याच्या बाबतीत हेच झालं. त्याला लिहायला वेळ लागायचा, गणित उत्तम यायचं.

रिकामा_कप्पा

मग चूक प्रमाणपत्राची की न विचारता सही करणाऱ्यांची? सवलती सगळ्या मिळून एक गठ्ठा नसतात. जादा वेळ (तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास) आणि लेखनिक (मुलगा सांगेल ते पेपरात लिहिणारा) घ्यायचा, गणित ठेवायचं, असं करता येतं. तुमच्या भाच्याला नेमकं तेच हवं होतं.

आणि लेखनिकाचं म्हणाल तर दहावीच्या मुलाला खालच्या वर्गातला लेखनिक मिळतो, त्याला समीकरणातला वर्ग कुठे लिहायचा तेही सांगावं लागतं. "पुढच्या ओळीवर घे, कंस कर, खाली रेघ मार." हे बोलायची सवय आठवीपासून लागायला हवी. यात आईबाप उपयोगी पडू शकतात: तुम्ही लेखनिक व्हा आणि सांगेल तेवढंच लिहा. मनाने एक अनुस्वारही सुधारायचा नाही. अवघड जातं, करून बघा.

उभा_छेद

हे पटलं. पण विषय सोडण्याच्या फॉर्मवर सही करण्याआधी मुलालाही विचारावं, एवढं तरी माना.

अर्धा_र

मी डिस्लेक्सिक, आता नोकरी करतो. आईने दहावीपर्यंत धडे वाचून दाखवले, म्हणूनच पास झालो. तरी मूळ पोस्टशी पूर्ण सहमत नाही. तिने ते थांबवलंच नाही. कॉलेजात पहिल्यांदा कोणी वाचून दाखवणारं नव्हतं आणि मी नोटीस बोर्डासमोर उभा. फोनकडून मजकूर वाचून घ्यायला खूप उशिरा शिकलो. वाचून दाखवा, पण सातवी-आठवीपासून ते काम हळूहळू फोनकडे द्या.

खडू_डस्टर

+१. आणि मराठी वाचणारा आवाज फोनमध्ये असतो. तो सुरू कसा करायचा, वेग कमी कसा करायचा, हे मुलालाच शिकवा, आईला नको.

माळरान

एक पान लिहून द्यायची कल्पना घेते. आमची शाळा दोनशिक्षकी, दोघांत चार वर्ग. गुरुजी पान वाचतील, पोरीला पुढे बसवतीलही. पण त्यांनी तिला वेगळं बसून शिकवावं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? कायद्याने ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलांना १८ व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण आहे. फी नाहीच लागत, शिकवणारा माणूस लागतो. तो येईपर्यंत धाग्याच्या प्रश्नाला माझं उत्तर "हो".

@खडू_डस्टर ताई, नोटा झाल्या. आता घड्याळ घेऊ की एसटीच्या पाट्या?

खडू_डस्टर

पाट्या. सगळ्या नकोत, तिला रोज लागणारी एकच. घड्याळ पुढच्या वर्षी बघू.