वस्तुमानमध्य म्हणावं की गुरुत्वमध्य?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा):
रेणूचा सेंटर ऑफ मास काढणारी पायथन स्क्रिप्ट लिहिते आहे. पीडीबी फाइलमधून (रेणूतल्या अणूंच्या जागा नोंदवणारी मजकूर-फाइल) प्रत्येक अणूचे निर्देशांक घ्यायचे, त्याच्या वस्तुमानाने गुणायचे, सगळ्यांची बेरीज करून एकूण वस्तुमानाने भागायचं. टिपा मराठीत लिहायच्या ठरवल्या आणि पहिल्याच ओळीला अडले. माझी शाळा गुजराती माध्यमाची, तिथे मासला 'दळ' म्हणत. म्हणून 'दळकेंद्र' लिहिलं, तर बाबांनी विचारलं, "कशाची जाडी मोजतेस?"

उत्तर (रावपुरा):
बाबांचं बरोबर आहे. मराठीत दळ म्हणजे जाडी, गर. दळदार आंबा म्हणतो तो हाच. मासला 'वस्तुमान' रुळलेला आहे, तोच ठेव. 'गुरुत्वमध्य' मात्र इथे नको. गुरुत्व सगळीकडे सारखं असलं की दोन्ही बिंदू एकच येतात, म्हणून आपण सर्रास तो शब्द वापरतो. पण तुझ्या सूत्रात गुरुत्व कुठेच नाही.

उत्तर (मांजलपूर):
मग 'भारित केंद्र'? संख्याशास्त्रात 'भारित सरासरी' आहेच, आणि हिशेब तोच.

उत्तर (रावपुरा):
हिशेब तोच, पण रेणूच्या बाबतीत 'भारित' वाचलं की विद्युतभार डोळ्यांपुढे येतो. शिवाय 'केंद्र' म्हटलं की वर्तुळ आठवतं, सगळीकडून सारखं अंतर. इथे तसं मुळीच नसतं. पाण्याचा रेणू घे. तो त्रिकोणच आहे: ऑक्सिजनपासूनच्या दोन्ही बाजू 0.957 अँगस्ट्रॉम (अणूंमधली अंतरं मोजायचं एकक), मधला कोन 104.5 अंश. तीन शिरोबिंदूंची साधी सरासरी काढली तर शाळेतला मध्यगासंपात मिळतो, ऑक्सिजनपासून 0.39 अँगस्ट्रॉमवर. वस्तुमान धरून काढलं तर बिंदू ऑक्सिजनला जवळजवळ चिकटतो, अंतर फक्त 0.066. अठरातले सोळा भाग एकट्या ऑक्सिजनचे, दुसरं काय होणार! पहिल्याला 'भूमितीय मध्य' म्हण, दुसऱ्याला 'वस्तुमानमध्य'. दोन्हीकडे 'मध्य' राहिला की फरक नेमका कशात आहे तेही दिसतं.

प्रश्नकर्ती:
काका, दोन दिवसांचा घोळ सुटला! व्हीएमडी या रेणू दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या 'मेझर सेंटर'शी माझं उत्तर जुळत नव्हतं. पुढे 'वेट मास' जोडलं नाही तर तो आदेश भूमितीय मध्यच देतो, आणि मी तो वस्तुमानमध्य समजत होते.

उत्तर (मांजलपूर):
एवढं आणखी जप. पीडीबीत 'सीए' हे प्रथिनातल्या अल्फा कार्बनचं नाव आहे, आणि कॅल्शियमचंही. नावावरून वस्तुमान धरलंस तर 12 च्या जागी 40 पडतील आणि मध्य भलतीकडे सरकेल. मूलद्रव्याचं चिन्ह ओळीतल्या 77-78 व्या अक्षरांच्या जागी असतं, तिथूनच घे.

प्रश्नकर्ती:
घेते. टिपेत '77-78 स्तंभ' लिहू की 'रकाना'?

उत्तर (रावपुरा):
रकाना. आपल्या जमाखर्चाच्या वह्यांत तोच आहे.