मदत हवी आहे : जांभ्याच्या जुन्या हायस्कूलला नवे वर्ग जोडायचे आहेत, पण जुने वर्ग अंधारात जाऊ नयेत

सप्रेम नमस्कार.

संगमेश्वर तालुक्यातील एका गावातल्या माध्यमिक विद्यालयात मी २६ वर्षे गणित शिकवले. निवृत्तीनंतर संस्थेच्या बांधकाम समितीचे काम माझ्याकडे आले आहे. गेल्या गणपतीत गावी आलेल्या मुंबईकर माजी विद्यार्थ्यांनी वाढीव इमारतीसाठी निधी उभारण्याचे मनावर घेतले आणि आता काम सुरू करण्याइतकी रक्कम जमली आहे. चार वर्ग, एक स्वतंत्र प्रयोगशाळा आणि मुलींसाठी पुरेशी स्वच्छतागृहे एवढी आमची गरज आहे. आराखड्यावर मात्र समितीत एकमत होत नाही, म्हणून वास्तुविशारद, स्थापत्य अभियंते आणि शाळांच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या सर्वांना ही विनंती करीत आहे.

जुनी इमारत पूर्व-पश्चिम लांब आहे. एका ओळीत सहा वर्ग, दक्षिणेला मैदानाकडे तोंड करून दोन मीटर रुंदीची पडवी आणि उत्तरेला खिडक्या अशी तिची रचना आहे. खिडक्यांमागे थोडी जागा सोडून लगेच डोंगराचा उतार सुरू होतो. भिंती चुन्यात बांधलेल्या जांभ्या चिऱ्यांच्या असून दीड फूट जाड आहेत, वर सागवानी कैच्या आणि मंगलोरी कौले आहेत. जोते ७५ सेंटिमीटर उंच आहे. इतक्या पावसाळ्यांत या इमारतीने आम्हाला कधी दगा दिला नाही, आणि भर मे महिन्यातही वर्गात बसवते, याचे श्रेय त्या पडवीला आणि समोरासमोरच्या दारे-खिडक्यांतून खेळणाऱ्या वाऱ्याला आहे.

समितीपुढे आलेला पहिला प्रस्ताव कौले उतरवून जुन्या भिंतींवरच स्लॅब आणि वरचा मजला चढवण्याचा आहे. जागा वाचते आणि खर्चही कमी दिसतो, म्हणून तो अनेकांना पसंत आहे. दुसऱ्या प्रस्तावात मैदानाच्या बाजूला, पडवीपासून पाच मीटर अंतर सोडून, तळमजला अधिक एक अशी समांतर इमारत दाखवली आहे. माझी खरी चिंता या दुसऱ्या नकाशाविषयी आहे, कारण कागदावर तो अतिशय नीटनेटका दिसतो.

मी साधे त्रिकोणमितीचे गणित करून पाहिले. आपल्याकडे २१ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर असतो. साडेसात मीटर उंचीच्या नव्या इमारतीची सावली त्या वेळी जवळजवळ साडेसहा मीटर उत्तरेकडे पडेल, म्हणजे पाच मीटरचे अंगण ओलांडून ती जुन्या जोत्यावर चढेल. एप्रिलच्या मध्यात हाच सूर्य जवळपास डोक्यावर येत असल्याने, सावली खरोखर हवी असते तेव्हा ती एक मीटरसुद्धा मिळणार नाही. त्याहून मोठा प्रश्न जुलै-ऑगस्टचा आहे. ढगाळ दिवसांत वर्गात येणारा प्रकाश हा समोर दिसणाऱ्या आकाशाचा असतो. ते आकाश समोरच्या भिंतीने अडवले आणि नैऋत्येचा वाराही त्याच भिंतीने रोखला, तर वीज गेल्यावर मुलांना फळा दिसणार नाही आणि ओल्या भिंती दिवाळीपर्यंत सुकणार नाहीत. नव्या चार वर्गांसाठी जुने सहा वर्ग निकामी करणे मला पटत नाही.

म्हणून मी तिसरा पर्याय मांडला आहे. जुन्या इमारतीच्या पूर्व टोकाला काटकोनात, मैदानाच्या कडेने दक्षिणेकडे जाणारी नवी इमारत घ्यावी आणि दोन्हींना छपराच्या वाटेने जोडावे. अडचण अशी की तिथे आंब्याचे जुने झाड आहे, आणि कौलांचा उतार व नवा स्लॅब जिथे भेटतील तिथे गळती होणारच, असे आमचे गवंडी सांगतात. या तीन पर्यायांविषयी आपले मत कृपया कारणांसह कळवावे.

प्रतिसाद (स्थापत्य अभियंता, रत्नागिरी)

सर, पहिला प्रस्ताव कृपया बाजूलाच ठेवावा. चुन्यातला जांभा सरळ खाली येणारे वजन सोसतो, पण भूकंपात आडवा धक्का बसल्यावर अशी भिंत फुटते, आणि वर जड स्लॅब असेल तर तो धक्का वजनाच्या प्रमाणात वाढतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्या भागातल्या वडीलधाऱ्यांना आजही आठवतो. आज कौलांचे हलके छप्पर आहे, हीच या इमारतीची मोठी जमेची बाजू आहे.

तिसरा पर्याय घेताना नवी इमारत स्वतःच्या कॉलमवर पूर्णपणे स्वतंत्र उभी करावी आणि एकही बीम जुन्या भिंतीत घुसवू नये. दोन्ही इमारती वेगवेगळ्या लयीने हलतात, त्यामुळे मध्ये मोकळी फट हवी. तिची रुंदी उंचीनुसार काढावी लागते, तो हिशोब आपल्या अभियंत्याकडून लेखी घ्यावा. जुना पाया किती खोल आहे हे पाहण्यासाठी आधी दोन-तीन ठिकाणी खड्डे घ्यावेत. जुन्या पायाला लागून त्याच्याहून खोल खोदले तर भिंतीखालची माती सरकते, आणि बहुतेक जुन्या शाळांना वाढीव कामात तडे याच चुकीने गेलेले मी पाहिले आहेत. छपराची वाट मात्र जुन्या पागोळीच्या खाली घ्यावी, म्हणजे कौलांचे पाणी तिच्यावर पडून वाहून जाईल आणि सांधा भरण्याची वेळच येणार नाही.

प्रतिसाद (वास्तुविशारद, पुणे)

काटकोनाची रचना योग्य आहे, परंतु त्यामुळे नव्या वर्गांची तोंडे पूर्व-पश्चिम होतात आणि दुपारचे ऊन व पावसाचा मारा दोन्ही पश्चिमेकडून येतील. जुन्या इमारतीसारखीच दोन मीटरची पडवी नव्या इमारतीला पश्चिमेकडे दिल्यास हा प्रश्न सुटतो आणि मैदानही दोन्ही पडव्यांतून दिसते. अपंग विद्यार्थ्यांसाठी उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा. आपल्या ७५ सेंटिमीटर जोत्यासाठी तो नऊ मीटर लांब लागेल, वरच्या-खालच्या सपाट जागा वेगळ्या. जोडवाटेच्या बाजूनेच तो घ्यावा, म्हणजे एकाच उतारावरून दोन्ही इमारतींत जाता येईल. नव्या इमारतीचे जोते त्यासाठी जुन्याच पातळीला ठेवावे.

आणखी एक गोष्ट आवर्जून विचारतो. पोषण आहाराचे स्वयंपाकघर कुठे आहे? कुंभकोणमच्या शाळेत १६ जुलै २००४ रोजी स्वयंपाकघरातून गवताच्या छपराला आग लागली, जिना अरुंद होता आणि ९४ मुले गेली. स्वयंपाकघर वर्गांपासून तोडून स्वतंत्र ठेवावे आणि वरच्या मजल्यावरून उतरायला दोन टोकांना दोन जिने असावेत, खर्च वाढला तरी.

धागाकर्त्याचे उत्तर

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. स्वयंपाकघर सध्या पडवीच्या पूर्व टोकाला, म्हणजे नेमके जोडवाटेच्या जागी आहे, हे आपण विचारल्यामुळे ध्यानात आले. ते मैदानापलीकडे हलवण्याचा ठराव मी पुढच्या सभेत मांडतो. पायाचे खड्डे दिवाळीच्या सुट्टीत घेऊन मापे व छायाचित्रे इथेच देईन. तोवर एकच शंका उरते : आंबा खोडाशी जवळजवळ मीटरभर रुंद आहे आणि तो तोडायचा नाही, यावर समितीत सर्वांचे एकमत आहे. मुळांना इजा न होता पाया घ्यायचा तर खोडापासून किती अंतर सोडावे, आणि त्या एका टोकाला सलग चराऐवजी सुट्या खड्ड्यांचा पाया घेता येईल का?